बहुरूप्यास दुय्यम कोण म्हणतो?

मराठी प्रेक्षकाच्या अंगी गुणग्राहकता नाही, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. नाटकासाठी पदरमोड करणारा आणि नटावर जीव लावणारा समाज अशी आपली ख्याती आहे, व ती अगदीच खोटी नव्हे. परंतु नटाची पारख करताना दोन शब्द आपल्या बुद्धीच्या आड येतात, आणि त्या शब्दांविरुद्ध उघड तक्रार करणे हाच या लेखाचा हेतू आहे. त्यांतील पहिला शब्द ‘हुबेहूब’ आणि दुसरा ‘सहाय्यक’. पहिल्याच्या योगाने आपण नटाची भलत्याच गुणासाठी स्तुती करतो. दुसऱ्याच्या योगाने त्यास भलत्याच पायरीवर बसवितो. या दोहोंच्या कात्रीत जो सर्वांत अधिक सापडतो, तो नाना वयांची व नाना स्वभावांची माणसे उभी करणारा नट होय. इंग्रजी रंगभूमीवर त्यास ‘कॅरेक्टर ॲक्टर’ म्हणतात. आपण हिंदीकडून ‘चरित्र अभिनेता’ हे नाव उसने आणले आहे. त्याचा नेमका अर्थ सांगा म्हटले तर सांगणाराही घुटमळतो. कारण मराठीत चरित्र म्हणजे एकाद्याच्या आयुष्याची हकीकत, आणि या नटाचा तिच्याशी संबंध असलाच तर योगायोगाने.

हा वाद वर्ध्याहून मांडावयास एक विशेष कारण आहे. या जिल्ह्यातील माणसास गांधीजी केवळ क्रमिक पुस्तकांतून भेटत नाहीत. ते १९३४ साली वर्ध्यास आले, मगनवाडीत राहिले, १९३६ साली शेगावास गेले, आणि १९४० मध्ये त्या खेड्याचे नाव सेवाग्राम झाले. ‘छोडो भारत’चा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यातच मंजूर केला. १९४६ च्या ऑगस्टात गांधीजी येथून गेले ते परत आले नाहीत; त्यांची मातीची कुटी मात्र आजही उभी आहे. अशा ठिकाणच्या प्रेक्षकापुढे पडद्यावर किंवा रंगमंचावर गांधीजी आले म्हणजे तो साहजिकच अधिक चिकित्सेने पाहतो. ही चिकित्सा स्वागतार्हच आहे. आमचा आक्षेप ती कोणत्या मापाने केली जाते याला आहे.

ते माप कोणते, हे दर वर्षी २ ऑक्टोबरला कोणत्याही शाळेत जाऊन पाहावे. एका मुलाच्या नाकावर गोल चष्मा बसवितात, कमरेस पंचा गुंडाळतात, हाती त्याच्याहून उंच काठी देतात, आणि पालक व शिक्षक एकमुखाने म्हणतात, “हुबेहूब बापूजी!” मुलाचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु मुलाच्या वेशभूषेचे हे माप आपण तसेच उचलून नटास लावतो. चष्मा जमला, टक्कल जमले, कान थोडे मोठे दिसले, की भूमिका जमली! हा न्याय रंगभूषाकारास लावणे योग्य आहे. नटास तो लावणे म्हणजे लेखकाची परीक्षा त्याच्या हस्ताक्षरावरून घेण्यासारखे आहे.

या चुकीच्या मापाने ज्यांस मोजले गेले, अशा एका मराठी नटाची कारकीर्द आम्ही साक्षीस काढतो. ते नट म्हणजे श्री. दिलीप प्रभावळकर. त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा. मुंबई दूरदर्शन नवे असताना, सत्तरीच्या दशकात, चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील मालिकेत ते चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. भित्रा, गोंधळलेला, तरीही स्वतःच्या शहाणपणावर गाढ विश्वास असलेला तो मध्यमवर्गीय गृहस्थ घराघरांत जाऊन बसला. साधा नट असता तर त्याच यशावर आयुष्यभर तोच चिमणराव निरनिराळ्या कपड्यांत विकीत राहिला असता. प्रभावळकरांनी तसे केले नाही. १९९१ च्या ‘चौकट राजा’त ते नंदू झाले. देहाने वाढलेला पण मनाने मूल राहिलेला हा नंदू प्रेक्षकास रडवितो. परंतु त्याची कीव करून घेण्यासाठी नट कोठेही हात पसरीत नाही. दोनच वर्षांनी, १९९३ च्या ‘झपाटलेला’त, ते तात्या विंचू नावाचे क्रूर गुंड झाले. त्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरल्यावर तर नटाचा चेहराही गेला. बाहुला रामदास पाध्ये यांचा, आवाज प्रभावळकरांचा. आणि त्या काळची मुले रात्री घाबरली ती जितकी बाहुल्यास, तितकीच त्या आवाजास.

‘हसवाफसवी’ या स्वतःच लिहिलेल्या नाटकात ते एकाच प्रयोगात सहा माणसे होऊन येत. त्यांतील कृष्णराव हेरंबकर हे वृद्ध गायकनट ज्यांनी पाहिले, त्यांस हसता हसता मध्येच गप्प का झालो, हे सांगता येणार नाही. पुढे स्वतःच्याच ‘अनुदिनी’वरून झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेत, २००१ पासून, ते घरातले आजोबा झाले. आणि २००६ साली राजकुमार हिरानी यांच्या ‘लगे रहो मुन्नाभाई’त ते गांधीजी झाले. एका बाजूस तात्या विंचू आणि दुसऱ्या बाजूस महात्मा. मधल्या अंतराचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

गांधीजींच्या या भूमिकेवर जे आक्षेप ऐकू येतात, ते तीन प्रकारचे आहेत. पहिला असा की, हा नट गांधीजींसारखा तितकासा दिसत नाही. आम्ही उलट विचारतो, कोण दिसतो? १९८२ च्या इंग्रजी ‘गांधी’ चित्रपटातील बेन किंग्जली, जब्बार पटेल यांच्या आंबेडकरांवरील चित्रपटातील आपले मोहन गोखले, अजित दळवी यांच्या ‘गांधी विरुद्ध गांधी’ या नाटकातील अतुल कुलकर्णी, आणि प्रभावळकर, या चौघांना एका रांगेत उभे केले तर ते एकमेकांचे लांबचे नातलगही वाटणार नाहीत. तरीही चौघांनी आपापल्या प्रेक्षकास गांधीजी दिले. तेव्हा भूमिकेचे मर्म सादृश्यात नाही, इतके तरी मान्य करावयास हवे.

प्रभावळकरांच्या बाबतीत तर सादृश्याचा प्रश्न मुळातच गैरलागू आहे. चित्रपटाची रचना नीट ध्यानात घ्यावी. मुन्ना नावाचा गुंड एका मुलीवर छाप पाडण्यासाठी तीन दिवस ग्रंथालयात बसून गांधीजींविषयी वाचतो, आणि मग त्यास गांधीजी दिसू लागतात. ते इतर कोणास दिसत नाहीत. मुन्नास जे ठाऊक नाही, ते या गांधीजींनाही ठाऊक नसते. आणि पुढे हीच गोष्ट चारचौघांत उघडी पडते. म्हणजे नटाने रंगवावयाचे ते इतिहासातील मोहनदास करमचंद गांधी नव्हेतच. एका अर्धशिक्षित, दणकट, पण आतून चांगुलपणास भुकेल्या माणसाच्या मनात तीन दिवसांच्या वाचनाने जे गांधीजी उगवले, ते त्याने रंगवावयाचे. ही कामगिरी नकलेहून कितीतरी अवघड आहे. इतिहासातल्या गांधीजींची नक्कल छायाचित्रे व चलचित्रे पाहून साधता येईल. मुन्नाच्या मनातल्या गांधीजींचे छायाचित्र कोठून आणावे? म्हणूनच प्रभावळकरांचे गांधीजी उपदेशकाच्या सुरात बोलत नाहीत. ते हलक्या आवाजात, ओळखीच्या वडीलधाऱ्याप्रमाणे, थोडे थट्टेनेही बोलतात. कारण बाप जसा असावा असे त्या गुंडास वाटते, तसे ते आहेत. जो प्रेक्षक येथे नाकाचा आकार मोजीत बसतो, त्याने चित्रपट पाहिलाच नाही असे आम्ही म्हणू.

दुसरा आक्षेप सोवळ्याचा आहे. ज्याने तात्या विंचू केला, ज्याने लोकांस हसविले, त्याने महात्म्याचे सोंग घ्यावे काय? या आक्षेपाच्या मुळाशी अशी समजूत आहे की, पवित्र पुरुषाची भूमिका हे नटाच्या सद्वर्तनाचे बक्षीस आहे. ही समजूत मान्य केली तर नाट्यकलेचा पायाच उखडला जातो. इंग्रजांकडे पाहा. बेन किंग्जली हे जन्माने कृष्ण भानजी. वडील गुजराती वंशाचे, जन्म यॉर्कशायरमधला, ३१ डिसेंबर १९४३ चा. प्रभावळकरांहून ते सात महिन्यांनी वडील. १९६७ पासून शेक्सपियरच्या नाटकांवर पोसलेला हा रंगभूमीचा नट गांधीजींच्या भूमिकेने जगविख्यात झाला आणि १९८३ साली ऑस्कर घेऊन गेला. पुढे १९९३ मध्ये ‘शिंडलर्स लिस्ट’मध्ये त्यांनी छळछावणीच्या छायेत वावरणारा यहुदी हिशेबनीस केला, आणि २००० साली ‘सेक्सी बीस्ट’मध्ये असा एक गुंड रंगविला की त्याच्या बोलण्यानेच अंगावर काटा यावा. त्यामुळे त्यांच्या गांधीजींस विटाळ झाला नाही. उलट गांधीजींची शांती ही त्या नटाच्या सवयीची नसून कमावलेली होती, हे त्या गुंडामुळेच सिद्ध झाले.

परदेशाचा दाखला पुरेसा वाटत नसेल तर घरचा घ्यावा. चिंतामणराव कोल्हटकरांनी गडकऱ्यांच्या ‘भावबंधना’तला दुष्ट घनश्याम असा काही रंगविला की ते नाव त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. म्हणून कोणी त्यांस दुष्ट मानले नाही. त्यांच्या आत्मचरित्रास १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्या ग्रंथाचे नाव त्यांनी ठेविले ‘बहुरूपी’. दारोदार निरनिराळी सोंगे घेऊन जाणाऱ्या भिक्षेकऱ्याचे नाव एवढ्या मोठ्या नटाने अभिमानाने स्वतःस लावून घेतले, यातच त्यांची दृष्टी दिसते.

आणि स्वतः गांधीजी? लहानपणी राजकोटास त्यांनी ‘हरिश्चंद्र’ नाटक पाहिले. ते पुन्हा पुन्हा पाहण्याची इच्छा झाली, आणि मनाशी आपण ते असंख्य वेळा केले, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. नाटकातील तो राजा पोटासाठी रंग फासलेला कोणी नट होता. त्याचे खाजगी चारित्र्य कसे होते, याची चौकशी त्या मुलाने केली नाही. सत्याची ओढ त्याच्या मनात जागविण्याचे काम त्या सोंगाने केले, आणि त्या ओढीचे पुढे काय झाले ते सेवाग्रामच्या शेजाऱ्यांस सांगावयास नको. नटाच्या सोंगास हीन लेखणाऱ्या गांधीभक्ताने या प्रसंगाचा विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो आम्ही उडवून लावणार नाही. गांधीजींस चित्रपटाविषयी प्रेम नव्हते. १९२७-२८ च्या सरकारी चित्रपट समितीने विचारणा केली असता त्यांनी आपली नापसंती स्पष्ट कळविली होती. तेव्हा त्यांच्याच नावाने करमणुकीचा धंदा करावा, ‘गांधीगिरी’ असा चटपटीत शब्द चलनात आणावा, फुले पाठवून प्रतिपक्षास लाजविणे म्हणजेच सत्याग्रह असा समज पसरवावा, हे योग्य नव्हे, असे कोणी म्हणेल तर त्यात तथ्य आहे. सत्याग्रहात तुरुंग होता, उपवास होता, लाठी होती. फुलांच्या गुच्छात ते सर्व मावत नाही. परंतु हा दोष असलाच तर तो कथेच्या खाती मांडावा. नटाने त्या कथेत राहूनच जी अदब राखली, तिचे श्रेय त्या दोषापायी बुडवू नये. उथळ होण्याची पुरेपूर संधी असलेल्या जागी जो नट उथळ होत नाही, त्याचे मोल अधिक धरावे की उणे?

आता ‘सहाय्यक’ या शब्दाकडे वळू. २००६ च्या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले तेव्हा ‘लगे रहो मुन्नाभाई’ आणि मराठी ‘शेवरी’ या दोहोंतील कामांबद्दल प्रभावळकरांस सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी ‘गांधी, माय फादर’मधील गांधीजींच्या भूमिकेसाठी दर्शन जरीवाला यांस तोच पुरस्कार, सहाय्यकाचाच! त्याआधी १९९६ च्या ‘द मेकिंग ऑफ द महात्मा’साठी रजित कपूर यांस मात्र सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा. म्हणजे महात्मा एकच; पण तो किती प्रसंगांत दिसतो, यावरून एक नट पहिल्या पाटावर आणि दोन दुसऱ्या पाटावर. कापड गजाने मोजावे हे ठीक; अभिनय फुटांनी मोजण्याची ही रीत कोणत्या शास्त्रातली?

‘सहाय्यक’ म्हणजे मदतनीस. कोणाचा? नायकाचा. म्हणजे नाटक ही नायकाची मालमत्ता आणि बाकीचे तिच्यावरचे कारकून. ही कल्पना आपल्या परंपरेत नव्हती. १९३७ चा ‘कुंकू’ आठवावा. चित्रपट शांता आपट्यांच्या नीरेचा, हे खरे. परंतु केशवराव दात्यांचे काकासाहेब त्यातून काढून पाहा. तरुण मुलीशी लग्न करून बसलेला तो प्रौढ वकील दात्यांनी निव्वळ राक्षस केला असता, तर प्रेक्षकाने त्यास शिव्या देऊन घर गाठले असते. त्यांनी त्यास अपराधी, हट्टी आणि अखेर स्वतःच्याच अपराधाने खचलेला माणूस केले. म्हणून घरोघरच्या काकासाहेबांस तो झोंबला. यास साहाय्य म्हणावयाचे तर घराच्या पायासही भिंतींचा मदतनीस म्हणावे लागेल.

स्त्रियांची गोष्ट याहून निराळी नाही. ‘गांधी’ चित्रपटात कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी पुण्याच्या. चित्रण झाले तेव्हा त्यांनी तिशीही पुरती ओलांडली नव्हती, आणि तारुण्यापासून मृत्युशय्येपर्यंतचे आयुष्य त्यांनी त्या देहावर तोलून धरले. ब्रिटिश चित्रपट अकादमीने १९८३ साली त्यांस गौरविले, तेही सहाय्यक अभिनेत्री म्हणून. गौरवाचा आनंद आम्हांसही झाला. पण तो शब्द परदेशी नमुन्याचा म्हणून डोळे मिटून येथेही गिरवावा, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

यावर कोणी म्हणेल, शब्दांचा एवढा बाऊ कशास? नटास काम मिळते, पैसा मिळतो, टाळी मिळते; आणखी काय हवे? प्रभावळकरांस प्रमुख भूमिका मिळाल्या नाहीत असेही नाही. ‘चौकट राजा’ हे त्याचे उदाहरण. हे सर्व मान्य. परंतु शब्दामागून वृत्ती येते. ज्या घरात मुलास सांगितले जाते की नाटकात घेतले तर राजाचे काम माग, म्हाताऱ्याचे नको, त्या घरात ‘सहाय्यक’ हा शब्द आपले काम करून चुकलेला असतो. शाळेच्या संमेलनात गोरा मुलगा राम होतो आणि उत्तम बोलणारा मुलगा रावणाच्या दरबारातला शिपाई होतो, तेव्हाही तोच शब्द बोलत असतो. अशा रीतीने आपण दरवर्षी किती बहुरूपी कोवळेपणीच घरी पाठवितो, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात ‘दशावतार’ हा सुबोध खानोलकरांचा चित्रपट आला. कोकणातल्या दशावतारी खेळात आयुष्य घालविलेला वृद्ध कलावंत बाबुली मेस्त्री हाच त्याचा कणा, आणि तो रंगविणारे प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे. लोकांनी चित्रपट उचलून धरला. ज्या नटाने आयुष्यभर रूपे पालटली, त्यास प्रेक्षकांनी एका रूपे पालटणाऱ्याच्याच रूपात मध्यभागी बसविले, हे उचितच झाले. पण प्रेक्षकांस जे कळले ते पुरस्कारांच्या याद्या करणारांस आणि वृत्तपत्रांत मथळे देणारांस का कळू नये?

म्हणून आमच्या मागण्या तीन, आणि तिन्ही स्वस्त. ‘सहाय्यक अभिनेता’ व ‘चरित्र अभिनेता’ ही दोन्ही नावे मराठी लेखकांनी टाकून द्यावी आणि चिंतामणरावांनी मोठा केलेला ‘बहुरूपी’ हा शब्द उचलावा. समीक्षकांनी ‘हुबेहूब’ हा शब्द रंगभूषेपुरता राखून ठेवावा. आणि तिसरी मागणी खास वर्ध्यापुरती. येथील हिंदी विश्वविद्यालयात नाट्य व चित्रपट यांचे शिक्षण दिले जाते. गांधीजींच्या कुटीपर्यंतची वाट जवळची आहे. आमच्या शाळांनी २ ऑक्टोबरला चष्मा आणि काठी वाटण्याऐवजी मुलांस एक प्रवेश द्यावा: एक मुलगा गांधीजी, दुसरा त्यांच्याशी भांडणारा. मग त्या दुसऱ्या मुलाकडे परीक्षकांनी नीट लक्ष द्यावे. गांधीजींशी मनापासून भांडणारा माणूस उभा करणे हे पंचा नेसण्याहून पुष्कळ कठीण आहे, आणि ज्या गावी त्यांच्याशी भांडावयास देशभरातून माणसे येत असत, त्या गावी तरी ही भूमिका दुय्यम मानली जाऊ नये.